डाव जिंकलो, तरी आजी म्हणाली पैसे सोडलेस! (लिमिट होल्डेम)

बंड्या सॅनहोजे

मंडळी, विषय पत्त्यांचा आहे, पण रमी नाही आणि तीन पत्तीही नाही. लिमिट होल्डेम, म्हणजे पोकरचा एक प्रकार. खेळणारे इथे फार नसतील, तरी कोणीतरी सापडेलच म्हणून धागा काढतोय.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: प्रत्येकाला दोन बंद पानं, मधे पाच उघडी पानं सगळ्यांची मिळून. आधी तीन उघडतात (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). पैसे लावायच्या चार फेऱ्या. बेट म्हणजे पैसे लावणं, कॉल म्हणजे समोरच्याएवढे टाकणं, रेझ म्हणजे वाढवणं, चेक म्हणजे काही न लावता पुढे जाणं, आणि मधे जमलेले पैसे म्हणजे पॉट. नो-लिमिटमध्ये माणूस मनात आलं की समोरचा अख्खा ढीग पुढे ढकलतो. लिमिटमध्ये रक्कम बांधलेली. आमचं टेबल ८/१६ चं, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांत बेट ८ डॉलर आणि रेझही ८ नेच, शेवटच्या दोन फेऱ्यांत १६ नी. एका फेरीत एक बेट, त्यावर तीन रेझ, की कॅप. त्यापुढे वाढवायचं नाही.

परवाचा डाव. मी बटणवर, म्हणजे बोलायला शेवटचा. हातात इस्पिक अठ्ठी आणि चौकट अठ्ठी. माझ्या आधी चौघांनी नुसता कॉल केला, मीही केला, दोन्ही ब्लाइंड (पानं बघायच्या आधीच पैसे टाकावे लागतात ते दोघं; जास्त टाकणारा तो बिग ब्लाइंड) आत. सात जण, पॉट ५६ डॉलर.

फ्लॉप: बदाम राजा, बदाम अठ्ठी, इस्पिक तिर्री. माझ्या तीन अठ्ठ्या! बिग ब्लाइंडने बेट केलं, दोघांनी कॉल केला. मी मनात म्हटलं, आत्ता उड्या मारायच्या नाहीत, मासे पळतील. नुसता कॉल. टर्नला किलवर दुर्री. बिग ब्लाइंडची पुन्हा बेट, एकाने कॉल केला, एक गेला. मी पुन्हा गुपचूप कॉल. रिव्हरला चौकट नव्वी. दोघांनी चेक केलं, मी बेट केलं, बिग ब्लाइंडने राजा-गुलाम घेऊन कॉल केला, दुसऱ्याने पानं टाकली. १६८ डॉलरचा पॉट माझा.

मी खुशीत. तेवढ्यात शेजारची व्हिएतनामी आजी (रोज येते, थर्मासमधून चहा पिते, कुणाशी फारसं बोलत नाही) माझ्या तीन अठ्ठ्यांकडे बघून म्हणाली, "बिग हँड, स्मॉल पॉट." आणि मान हलवली. घरच्या आजीने भाजीत मीठ कमी पडल्यावर हलवावी तशी.

जिंकलो, तर चुकलो कुठे? आणि अशी पानं आली की लपायचं की लगेच वाजवायचं?

पेणकर पाहुणा

रुमाल टाकून ठेवतो. खेळातलं काही कळत नाही, पण आजी आवडली.

तर्रीबाज

१६८ डॉलर जिंकून माणूस धागा काढतो आणि आम्ही बदाम सातमध्ये शेंगदाणे हरून गप्प बसतो. चालू द्या.

इस्पिकची राणी

बंड्या, आजीचं बरोबर आहे. तुम्ही नो-लिमिटची सवय लिमिटमध्ये घेऊन आलात. तिथे लपण्याला अर्थ असतो, कारण पुढे कधीतरी समोरच्याचा सगळा ढीग एकदम ओढता येतो. लिमिटमध्ये तो "कधीतरी" येतच नाही. जी बेट फ्लॉपला घेतली नाही, ती दुप्पट होऊन परत मिळत नाही. गेली ती गेली.

आणि मासे कुठले पळणार होते? पॉटमध्ये ८८ डॉलर येऊ घातले होते. एवढ्या पैशांसाठी आणखी ८ डॉलर टाकायला राजावाला आणि बदामाची वाट बघणारा (पाच बदाम जमले की फ्लश, तो तीन अठ्ठ्यांना हरवतो), दोघंही एका पायावर तयार असतात. लपायचं कधी? पॉट चिमुकला असेल, समोरच्यांकडे काहीच नसेल आणि त्यांना एखादं पान फुकट दाखवलं तरी आपल्याला धोका नसेल तेव्हा. चार राजे आले, लपा खुशाल. इथे मधे दोन बदाम बसलेत आणि सात जणांनी पैसे टाकलेत!

अर्धवट हिशेबी

आकडे मांडतो, चुकलं तर सांगा.

बंड्याचे स्वतःचे गेले ८ + ८ + १६ + १६ = ४८. पॉट १६८. निव्वळ १२०.

फ्लॉपला रेझ केलं असतं आणि तिघांनी आणखी ८-८ टाकले असते, तर तिथेच पॉट १२०. टर्नला सगळे चेक, बंड्याची बेट, दोघांचा कॉल, १६८. रिव्हरला एक बेट एक कॉल, २००. त्यात स्वतःचे ५६, निव्वळ १४४.

आता तिसरा रस्ता. फ्लॉपला नुसता कॉल, आणि टर्नला बेट दुप्पट झाल्यावर रेझ. बिग ब्लाइंडची १६ ची बेट, मधल्याचा कॉल, बंड्याचे ३२, दोघं कॉल करतात. पॉट १८४, रिव्हरनंतर २१६. स्वतःचे ६४, निव्वळ १५२.

म्हणजे फ्लॉपला लपणं चूक नव्हतं. टर्नलाही लपून राहिला ही चूक. १६ ची फेरी सुरू झाली की बाहेर यायचं.

इस्पिकची राणी

हिशेबी, गणित बरोबर, पण तुमची माणसं फारच आज्ञाधारक आहेत. तिसऱ्या रस्त्यात बिग ब्लाइंड टर्नला पुन्हा बेट करणार हे गृहीत धरलंय. मागे तीन कॉल बघून राजा-गुलामवाला टर्नला चेक करून बसला तर? शिवाय टर्नला बदाम आला असता तर रेझ राहिलं बाजूला, बंड्याच कॉल करत बसला असता.

दुसरं असं की फ्लॉपला रेझ केल्यावर बिग ब्लाइंड गप्प राहील असं कोणी सांगितलं? राजाची जोडी आहे त्याच्याकडे. त्याने परत वाढवलं, बंड्याने कॅप केलं, मधले दोघं अडकले, तर चौघांचे ३२-३२. आधीचे ५६ धरून १८४. टर्नचं पान उघडायच्या आधीच १८४! तुमचा अख्खा डाव १६८ ला संपला होता.

आणि बसायची जागा बघा. बेट करणारा आधी बोलला, मधल्यांनी पैसे टाकले, मग बंड्या. म्हणजे रेझ केल्यावर ते दोघं आधीच ८ टाकून बसलेले. आणखी ८ ला ते हात मागे घेत नाहीत. याउलट बेट करणारा तुमच्या लगेच उजवीकडे असता आणि दोघं तुमच्या मागे बोलायचे असते, तर रेझ म्हणजे त्यांना एकदम १६ मागणं झालं असतं. तिथे नुसता कॉल करून त्यांना आत येऊ द्यायचं आणि टर्नला वाजवायचं, हे मी मान्य करते. ८/१६ च्या टेबलावर निम्मं उत्तर कोण कुठे बसलंय यातच असतं.

अर्धवट हिशेबी

बसायच्या जागेचं मान्य. माझी माणसं आज्ञाधारक होती हेही मान्य. लग्नाचा परिणाम.

मांडवीकाठ

मी पणजीचा. इथे बोटींवर सगळा कारभार नो-लिमिटचा, नाहीतर ओमाहा (हातात चार पानं असलेलं पोकर). लिमिटचं टेबल मी तरी इथे पाहिलेलं नाही. एकदा लास वेगासला गेलो तेव्हा हौसेने ४/८ ला बसलो. तीन तासांत दोनदा एक्क्यांची जोडी आली आणि दोन्ही वेळा फुटली. एकदा तर एका आजोबांनी सत्ती-तिर्री घेऊन दोन जोड्या केल्या! सत्ती-तिर्री! लिमिटमध्ये कोणाला घाबरवताच येत नाही, सगळे सगळ्याला कॉल. हा खेळ आहे की तंबोला?

जुना पापी

मांडवीकाठ, ते सत्ती-तिर्रीवाले आजोबा हेच तर या खेळातलं उत्पन्न आहे. त्यांना घाबरवून घालवायचं कशाला? त्यांना चहा पाजा.

अर्धवट हिशेबी

एक्क्यांबद्दल: एका माणसाशी एक्क्यांची जोडी साधारण ८५ टक्के वेळा जिंकते. आठ जण शेवटपर्यंत बसले तर ३५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तीनपैकी दोनदा फुटणारच, त्यात दैवाचा कोप नाही. पण नऊ जणांत प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ११ टक्के येतात आणि तुम्ही ३५ घेऊन बसलात. तिप्पट वाटा आहे. फुटतात जास्त वेळा, पण टिकतात तेव्हा पॉट डोंगराएवढा असतो. म्हणून फ्लॉपच्या आधीही वाढवायचंच. "आधीच फुटतात, वाढवून काय उपयोग" म्हणून नुसता कॉल करणारे बरेच पाहिलेत.

पेणकर पाहुणा

आमच्याकडे दिवाळीत तीन पत्ती. मामाला ट्रेल (तीन सारखी पानं) आली की तो आधी उठून पाणी पितो. माठातून, उभ्याने, गटागट. मग येऊन अगदी थकल्या आवाजात "चाल" म्हणतो. पंधरा वर्षं हेच चाललंय. मामा माठाकडे वळला की सगळे पानं टाकतात. गेल्या वर्षी त्याला खरंच तहान लागली होती, हातात काही नव्हतं, तरी बूट (सुरुवातीला सगळ्यांनी टाकलेले पैसे) त्यालाच मिळाला.

तर्रीबाज

हाहाहा. जगातली पहिली जलचलित थाप.

इस्पिकची राणी

मामांचा किस्सा मूळ विषयाला धरूनच आहे बरं का! जो फक्त मोठी पानं आल्यावर वेगळा वागतो, त्याला कोणी पैसे देत नाही. फ्लॉपला बदामाची वाट बघत असताना मी रेझ करते, राजाच्या जोडीवर करते आणि तीन अठ्ठ्यांवरही करते. मग रेझ बघून कोणाला काही कळत नाही. लपायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे रोजचंच वागणं.

साधी सरळ

मी पत्ते खेळत नाही. जुगाराबद्दल काय वाटतं तेही सांगत नाही, धर्मराजाला विचारा. पण एक खरंच कळलं नाही. बदामाची वाट बघणाऱ्याने कॉल करणं त्याच्या दृष्टीने बरोबर, असं वर कोणीतरी सुचवलंय. आणि बंड्याने त्याच्याकडून पैसे मागणंही बरोबर. दोघंही बरोबर कसे? एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा ना?

जुना पापी

ताई, वीस वर्षं खेळणाऱ्यांना पडत नाही असा प्रश्न विचारलात.

अर्धवट हिशेबी

@साधी सरळ, प्रश्न झकास आहे. टर्नचीच स्थिती घेऊ. मधे बदाम राजा, बदाम अठ्ठी, इस्पिक तिर्री, किलवर दुर्री. त्या माणसाकडे दोन बदाम आहेत असं धरू. उरलेले बदाम ९. पण त्यातली बदाम तिर्री किंवा बदाम दुर्री आली तर त्याचा फ्लश होतो खरा, पण मधे जोडी झाल्यामुळे बंड्याचं फुल हाउस (तीन सारखी आणि वर एक जोडी) होतं आणि तो फ्लशसकट बुडतो. म्हणजे त्याची खरी पानं ७. दोघांची चार आणि मधली चार वगळली की राहतात ४४. त्यातल्या ३७ वर बंड्या जिंकतो.

आता त्याच्या बाजूने. पॉटमध्ये ८८ आणि बिग ब्लाइंडचे १६, एकूण १०४. त्याला १६ टाकायचेत. साडेसहाला एक असा भाव. त्याला लागतो ३७ ला ७, म्हणजे सव्वापाचला एकच्या आसपास. कॉल बरोबर.

बंड्याच्या बाजूने: याने टाकलेल्या १६ समोर माझे १६. ते ३२ डॉलर मी ४४ पैकी ३७ वेळा उचलणार. सरासरी २७ हाती, म्हणजे ११ चा नफा. बेट बरोबर.

मग तोटा कोणाचा? आधीच पॉटमध्ये पैसे टाकून उठून गेलेल्यांचा! फ्लॉपच्या आधी सात जणांनी ८-८ टाकले, ते आता बेवारस पडलेत. तो माणूस त्या बेवारस पैशांवर डोळा ठेवून कॉल करतो, आणि बंड्या त्याच्याकडून त्या डोळ्यांचं भाडं घेतो. भाडं घेतलं नाही तर तो फुकट बघतो.

साधी सरळ

म्हणजे मेलेल्याच्या इस्टेटीसाठी दोन भाऊ भांडतात आणि वकिलाची फी मात्र बरोबर असते, तसं. कळलं.

तर्रीबाज

ताई खेळत नाहीत हे बरं आहे. त्यांनी आपल्या सगळ्यांना कपड्यांसकट जिंकलं असतं.

यंत्रमानव

उशिरा येतोय. लपण्याच्या बाजूनेही एक पुरावा आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या लोकांनी २०१५ मध्ये दोघांचा लिमिट होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवला. प्रोग्रामचं नाव सेफियस. संगणकाचे ४८०० कोअर, ६८ दिवस, स्वतःशीच खेळत बसला. त्याच लोकांचा आधीचा पोलॅरिस २००७ मध्ये व्हँकुव्हरला फिल लाक आणि अली एस्लामी या दोघा व्यावसायिक खेळाडूंकडून थोडक्यात हरला होता आणि २००८ मध्ये लास वेगासला माणसांना हरवून गेला.

मुद्दा हा की सेफियस डीलरच्या जागी असताना पहिल्या फेरीत जवळजवळ कधीच कॅप करत नाही. हातात एक्क्यांची जोडी असली तरी ०.०१ टक्क्यांहून कमी वेळा. आणि सगळ्यात जास्त वेळा कशावर कॅप करतो? दुर्रीच्या जोडीवर, ०.०६ टक्के वेळा! म्हणजे सगळ्यात मोठी पानं असताना देवाने शेवटचं रेझ ठेवून दिलंय. आता बोला.

बंड्या सॅनहोजे

बघा बघा. मी देवासारखा खेळलो.

इस्पिकची राणी

देवासमोर दुसरा देव बसला होता. बंड्यासमोर सहा माणसं होती, त्यातल्या एकाने राजा-गुलाम घेऊन तीनदा पैसे दिले. दोघांच्या खेळात, समोरचा प्रत्येक रेझमधून अर्थ काढणारा असेल तर हात झाकणं महत्त्वाचं. इथे राजावाला तुमच्या रेझचा अर्थ काढत नाही, तो आपला राजा बघतो.

शिवाय तो कॅप करत नाही हे फक्त पहिल्या फेरीचं. तीन अठ्ठ्या लागल्यावर तोही झाडावर चढून बसत नसणार.

यंत्रमानव

मान्य. पण दुर्रीच्या जोडीचा किस्सा सांगायचाच होता, संधी साधली.

प्रशासक

सूचना: भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ चालवायला आणि त्यांची जाहिरात करायला बंदी आहे. ॲपची नावं आणि लिंका असलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. खेळाच्या डोक्याबद्दल बोला, दुकानाबद्दल नको.

जुना पापी

मी १९८४ साली लॉस एंजेलिसला आलो. तेव्हा गार्डिनाच्या क्लबांत फक्त ड्रॉ पोकर (मधे उघडी पानं नाहीत, नको ती पानं बदलून घ्यायची). होल्डेमला कॅलिफोर्नियात कोर्टाने वाट करून दिली ती १९८७ मध्ये. त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षं लिमिटची. २००३ मध्ये तो मनीमेकर नावाचा अकाउंटंट टीव्हीवर पोकरचा जगज्जेता झाला आणि सगळी पोरं नो-लिमिटकडे पळाली. लिमिटला उरलो आम्ही, थर्मासवाल्या आज्या आणि त्यांचे नवरे.

आता माझं पाप. माझ्याकडे किलवर एक्का-राणी, फ्लॉपला तीन किलवर. दोन पानं सारखी असताना फ्लॉपलाच फ्लश होणं ११९ डावांत एकदा. मी मात्र राणीताई म्हणतात तसा, पहिल्यापासून वाजवत होतो. सगळं छान. रिव्हरला मला बुद्धी झाली. समोर एक मिशाळ फिलिपिनो गृहस्थ, संध्याकाळभर प्रत्येक पानाला बेट करत होता. म्हटलं आपण चेक करू, तो बेट करेल, मग रेझ. एकाच्या जागी दोन. मी चेक केलं. त्याने माझ्याकडे बघितलं. चिप्सवर ठेवलेला हात उचलला, मिशीवरून फिरवला आणि टेबलावर दोनदा ठक-ठक. चेक. दोन जोड्या दाखवल्या. मी बेट केलं असतं तर त्याने शंभर टक्के कॉल केला असता. त्या रात्री ४०५ हायवेवरून घरी येताना मी ती एक बेट चाळीस वेळा केली.

अर्धवट हिशेबी

काका, हिशेब एका ओळीचा आहे. सरळ बेट केली तर एक मिळते. चेक करून रेझ साधलं तर दोन, तो चेक करून बसला तर शून्य. म्हणजे तो निम्म्याहून जास्त वेळा बेट करणार आणि वर रेझलाही कॉल देणार अशी खात्री हवी. शिवाय सरळ बेटेवर त्यानेच रेझ केलं तर तिसरी मारायची संधी मिळते, ती वेगळीच. संध्याकाळभर बेट करणारा माणूससुद्धा तीन किलवर बघून शेवटच्या पानाला विचार करतो.

किलवर सत्ती

पहिल्यांदाच लिहितेय. सेट (हातातल्या जोडीला तिसरं), फ्लश वगैरे ठीक आहे हो, पण अशी पानं येतात कितीदा? हातात जोडी असताना फ्लॉपला तिसरं येणं साडेआठात एकदा, आणि हातात जोडीच मुळी सतरात एकदा. माझे पैसे जातात ते मधल्या पानांवर. म्हणजे रिव्हरला माझ्याकडे एक्क्याची जोडी, तिसरं बदाम पडलेलं, दोघांनी चेक केलं. मी घाबरून चेक करते, आणि नेहमी मीच जिंकते. तेव्हा आनंद मानायचा की दुःख?

इस्पिकची राणी

सत्ती, दुःख. मूळ धाग्यापेक्षा हा प्रश्न महागाचा आहे. सेट महिन्यात मोजके, पण ही अशी रिव्हर रोज दहादा येते.

तुम्ही शेवटच्या बोलणाऱ्या. दोघं चेक करून बसलेत. ज्याचा फ्लश झाला तो बहुतेक वेळा स्वतःच बेट करतो, तुम्ही चेक कराल या भीतीने. प्रश्न एवढाच: मी बेट केली आणि कोणी कॉल केला, तर त्या कॉलमध्ये निम्म्याहून जास्त वेळा मी पुढे असेन का? असेन तर बेट. रेझ झाली आणि तुम्हाला ती बघायचीच असेल तर निम्म्याच्या जागी ५५ टक्के धरा.

आणि लोक कशाकशाने कॉल करतात! पॉट १४४ चा असला की १६ ची बेट बघायला दहात एकदा जिंकलं तरी भागतं. म्हणून एक्का-दश्शी, नव्वीची जोडी, सगळे "बघू तरी" म्हणतात. कुतूहलाचे १६ डॉलर. ते न घेता पानं उलटी केलीत तर तुम्ही त्यांना फुकट सिनेमा दाखवलात.

किलवर सत्ती

फुकट सिनेमा!! वर्षभर थिएटर चालवतेय मी मग.

मांडवीकाठ

एक अवांतर: आमच्याकडे कॅसिनो पॉटमधून टक्के कापतो. सॅन होजेला कसं?

जुना पापी

कॅलिफोर्नियात टक्के घेता येत नाहीत. फी डावाआधी ठरलेली, पॉट केवढा झाला त्यावर नाही. म्हणजे बंड्याच्या १६८ वर जेवढी गेली असेल, ४०० च्या पॉटवरही साधारण तेवढीच गेली असती. आजीला हे पाठ असणार. छोट्या पॉटांवर ती मान हलवते ती उगाच नाही.

तर्रीबाज

आजीला सभासदत्व द्या कोणीतरी.

बंड्या सॅनहोजे

अडीच आठवड्यांनी परत येतोय. शनिवारी आजी त्याच टेबलावर. माझ्या हातात इस्पिक तिर्री आणि बदाम तिर्री. पाच जण, पॉट ४०. फ्लॉप: किलवर गुलाम, किलवर छक्की, चौकट तिर्री. लागली!

आजीने बेट केलं, दोघांनी कॉल केला, एक गेला. या वेळी तुमचं सगळ्यांचं ऐकून मी रेझ केलं. आजीने माझ्याकडे न बघता परत वाढवलं. दोघं कॉल. मी कॅप. तिघं कॉल. चौघांचे ३२-३२, पॉट १६८. म्हणजे मागच्या वेळी अख्खा डाव जेवढ्यावर संपला होता तेवढा फ्लॉपलाच झाला. हात थरथरत होता, खोटं नाही सांगत.

टर्नला चौकट राणी. आजी चेक, मी बेट, आजी आणि आणखी एक आत. २१६. रिव्हरला किलवर चौकी. आजीने सरळ १६ पुढे सरकवले, मधला गेला. पॉटमध्ये २३२, मला १६ टाकायचे. साडेचौदाला एक. कॉल केला. तिच्याकडे किलवर एक्का-दश्शी. फ्लश.

चिप्स गोळा करताना आजी म्हणाली, "गुड रेझ." आणि मला थर्मासच्या झाकणात थोडा चहा दिला. बायकोला सांगितलं तर म्हणाली, त्या चहाचे किती डॉलर झाले?

अर्धवट हिशेबी

८ + ३२ + १६ + १६. ७२ डॉलरचा चहा. पण एकही डॉलर चुकीचा नाही. रिव्हरचा कॉलही बरोबर, रेझ केलं नाहीत तेही बरोबर.

किलवर सत्ती

मला एक कळेना. आजीकडे फ्लॉपला काहीच नव्हतं, नुसती वाट बघत होती. मग तिने परत का वाढवलं?

इस्पिकची राणी

कारण तिला मोजता येतं. फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत फ्लश लागायची शक्यता ३५ टक्के. टाकणारे चौघं, म्हणजे तिचा खर्च २५ टक्के. तिच्या बाजूने बघितलं तर प्रत्येक रेझमध्ये तिचा नफाच. समोर सेट निघाला म्हणून तिची शक्यता २५ च्या आसपास घसरली, पण तरी जवळपास बरोबरीत. तुमच्याइतकीच तीही मोठी पानं खेळत होती.

बंड्या सॅनहोजे

थांबा. मग फ्लॉपला मी तिला पैसे देत होतो का ती मला?

अर्धवट हिशेबी

तुम्ही बाकीच्या दोघांना लुटत होतात आणि आजी दार धरून उभी होती.